सात माणसं, एक वही

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे हे शेतावरून उशिरा आले, हातपाय धुवायला मोरीकडे गेले आणि दारातच खाली बसले. अंगाला दरदरून घाम, बोलणं तुटक. रिक्षात घालून कराडला एका दवाखान्यात नेलं. तिथल्या तरण्या डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

मी सांगितलं, "सकाळची एक पांढरी आहे. आणि एक गुलाबी, बारकी."

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. मी ३१ वर्षं पाटण तालुक्यात आरोग्यसेविका म्हणून काढली. कोणत्या वस्तीवर कोणती बाई अडलेली आहे, कोणाच्या पोराचा गोवराचा डोस राहिलाय, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. कारण त्याची रजिस्टरं होती. अख्ख्या गावाची रजिस्टरं, आणि स्वतःच्या घराचा एक चिटोराही नाही.

ह्यांची साखर उतरली होती. गोळी वेळेवर घेतलेली, जेवण दोन तास लांबलेलं. सलाईनमधून ग्लुकोज गेल्यावर माणूस उठून बसला. दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली. खाली जे लिहितेय ते त्या वहीचंच आहे. आमच्या घरात आठ महिन्यांच्या नातवापासून ८४ वर्षांच्या सासूबाईंपर्यंत सात माणसं आहेत, त्यामुळे तुमच्या घरातलं कोणी ना कोणी यात सापडेलच.

वही कशी लावायची

माणशी दहा पानं सोडा. पहिल्या पानावर नाव, जन्मसाल, रक्तगट (कार्ड बघून, "ओ पॉझिटिव्ह असावा बहुतेक" असं लिहायचं नाही), कोणत्या औषधाची ॲलर्जी, झालेली ऑपरेशनं. त्याखाली चालू गोळ्या. गोळीचं नाव पाकिटावरून उतरवून घ्या, सोबत किती मिलिग्रॅमची आणि दिवसातून कधी तेही. मेडिकलवाला पाकीट कापून सुट्ट्या गोळ्या देतो तेव्हा नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्यावर राहते. म्हणून मी नाव-तारखेचा तुकडा शेवटपर्यंत ठेवते, गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढते. नवीन गोळी सुरू झाली की जुनी खोडायची, पण वाचता येईल अशी, एक रेघ मारून. कधी बंद झाली ती तारीख शेजारी.

मोबाइलमध्ये का नाही, असं मुलगा विचारतो. मोबाइल ज्याचा त्याच्या खिशात असतो आणि त्याला कुलूप असतं. वही टीव्हीखालच्या कप्प्यात असते, घरात कोणीही काढू शकतं. अर्थात पहिल्या पानांचे फोटो त्यानं काढून ठेवलेत, ते मला चालतं.

वहीबरोबर चार वस्तू हव्यात. पाऱ्याचा नको, आकड्यांचा थर्मामीटर, शिवणकामाची टेप, दंडाला बांधायचं बीपीचं मशीन (मनगटाचं घेऊ नका, ते फसवतं) आणि घरात मधुमेही असेल तर ग्लुकोमीटर. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमट हवेनं पट्ट्या बिघडतात आणि आकडा चुकतो. आमच्याकडे पावसाळ्यात हे एकदा झालं.

बाळाचं पान

नातू आठ महिन्यांचा, वजन ८ किलो. लसींचं मी फार लिहीत नाही, माता-बाल संरक्षण कार्डावर सगळं छापलेलं असतं. फक्त एक करा, पुढच्या लसीची तारीख कॅलेंडरवर स्वयंपाकघरात लिहा. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाचा पहिला डोस आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो, आणि नेमका तोच चुकतो. कारण साडेतीन महिन्यांच्या लसीनंतर मधे मोठा खंड पडतो आणि आया विसरतात. सर्दी, बारीक ताप असला म्हणून लस पुढे ढकलायची गरज नसते, नर्सताईंना विचारून घ्या.

तापाचं मात्र सविस्तर सांगते, कारण इथंच घराघरांत चुका होतात.

पॅरासिटामॉलचा डोस वयावर नसतो, वजनावर असतो. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे आमच्या नातवाला एका वेळी ८० ते १२० मिलिग्रॅम. आता गंमत बघा. बाजारात एक बाटली ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमची मिळते, तसलीच दुसरी २५० मिलिग्रॅमची. आणि थेंबांची बारकी बाटली तर एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमची असते. बाटल्या, रंग, वास सगळं सारखं. सूनबाईच्या माहेरी मागच्या वेळची १२० ची बाटली संपलेली, तिच्या भावानं धावत जाऊन २५० ची आणली. "मागं ५ मिलि दिलं होतं" म्हणून ती तेवढंच भरत होती. म्हणजे दुप्पट. थेंबांच्या बाटलीतून कोणी चमचाभर दिलं असतं तर चौपट झालं असतं. मी फोनवर होते म्हणून वाचलं. तेव्हापासून नातवाच्या पानावर असं लिहिलेलं आहे: वजन अमुक, तारीख अमुक, १२० च्या बाटलीतून किती मिलि, २५० च्या बाटलीतून किती मिलि. तो आकडा मी काढला असला तरी डॉक्टरांकडून तपासून घेतला. तुम्हीही पुढच्या खेपेला डॉक्टरांकडूनच लिहून घ्या आणि वजन वाढलं की बदला. दोन डोसांत किमान चार तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. औषध दिलं की वेळ लगेच लिहायची. रात्री अडीच वाजता आई, आजी आणि बाप अशा तिघांनी एकमेकांना न सांगता औषध पाजलेलं मी पाहिलं आहे. लहान मुलाला ॲस्पिरिन द्यायचीच नाही.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त तापलं, तर घरी औषध देऊन वाट बघत बसायचं नाही, सरळ दवाखाना. त्याहून मोठ्या मुलात तापाच्या आकड्यापेक्षा मूल कसं दिसतंय ते बघा. १०२ ताप असून खेळणारं मूल एकवेळ बरं, पण १०० ताप असून मान टाकलेलं, दूध न ओढणारं मूल मला चालत नाही.

आणि श्वास मोजा. हे मी शेकडो आयांना शिकवलं. बाळ शांत असताना, झोपलेलं असेल तर उत्तम, कपडा वर करून पोटाकडे बघायचं आणि घड्याळ लावून पुरा एक मिनिट मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, बाळांचा श्वास एकसारखा चालत नाही. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरला तर तो जोराचा श्वास. न्यूमोनिया असू शकतो, त्याच दिवशी दाखवायचं. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल तर मोजतही बसू नका, निघा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना असंच श्वास मोजायला शिकवून कितीतरी बाळं वाचवली. त्यांत शाळा शिकलेल्या किती होत्या, याचा प्रश्न आला नाही.

खोकल्याचं गोड औषध दोन वर्षांच्या आतल्या बाळाला देऊ नका. पाच वर्षांपर्यंतही स्वतःच्या मनानं नाहीच. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे असल्याच औषधात विषारी द्रव्य सापडलं आणि मुलं दगावली. आमच्या आत्याबाई (सासूबाईंना आमच्याकडे आत्याबाई म्हणतात) लगेच म्हणाल्या, मग मध चाटव. तेही नाही, वर्षाच्या आत मध अजिबात नाही. मधातून एक जंतू जातो, त्याचं विष बाळाचे स्नायू लुळे पाडतं. नाक मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी मोकळं करा, अंगावर पाजत राहा.

जुनं सगळं मोडीत काढा असं माझं म्हणणं नाही. मालिश चांगली, फक्त नाका-कानात तेल नको. ओव्याची धुरी नको, त्या धुरानं बाळाची छाती भरते. काजळ नको. बाळगुटीची सहाण धुवायला सांगितली तर आत्याबाई रुसल्या होत्या, पुढे मी सहाणच लपवली. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. सातव्या महिन्यापासून मऊ भात, वरण, तूप, नाचणीची खीर, कुस्करलेलं केळं, शिजवून बारीक केलेला भोपळा, आणि खाणार असाल तर अंडं. पातळ पाण्यासारखं वरणाचं पाणी देऊ नका, त्यानं पोट भरतं, बाळ भरत नाही. चमचा वाकडा केला तरी घास ओघळून खाली पडता कामा नये, एवढं घट्ट. दूध दोन वर्षांपर्यंत चालू. वर्षापर्यंत मीठ-साखर घालू नका. त्याला अळणी लागत नाही, आपल्याला लागतं.

जुलाब लागले तर

हे पान कोणाच्याच नावाचं नाही, मधोमध आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं पाणी पाजून माणसं जगवली. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे सांगितलं होतं आणि तेव्हा खरं वाटलं नव्हतं. पुढे कोयनेच्या पावसात, वस्तीचा रस्ता वाहून गेलेला असताना, ह्याच पाण्यावर मी एक तीन वर्षांचं पोर रात्रभर धरलं.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अख्खं, एकदमच. "लहान आहे म्हणून चिमूटभर" असं करायचं नाही, प्रमाण बिघडलं की उपयोग जातो. छोटी पाकिटंही मिळतात, त्यावर किती पाण्यात ते वाचा. बिसलेरीची लिटरची बाटली हे सगळ्यात सोपं माप. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, वर बोट फिरवून सपाट केलेला. चवीला ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप. वाटी-चमच्यानं, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, आणखी सावकाश. "पोटात ठरत नाही" म्हणून बंद करायचं नाही. सोबत झिंकच्या गोळ्या, सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे. ही गोष्ट दहांतल्या नऊ आया करत नाहीत आणि मग पुढच्या महिन्यात तेच पोर पुन्हा माझ्या दारात. खाणं आणि अंगावरचं दूध चालूच. डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, सहा तासांत लघवी नाही, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश जागेवर जाते, शौचात रक्त दिसतं, मूल मलूल पडलंय, यातलं काहीही दिसलं तर दवाखाना. टाळू खोल गेली म्हणून कोणी बाळाला उलटं धरून झटकत असेल तर त्याच्या हातातून बाळ काढून घ्या. टाळू पाणी कमी झाल्यानं खोल जाते, पाणी पाजल्यानंच वर येते.

पाण्याचं म्हणाल तर, आमच्या गावात पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) पडलं की नाही हे मी अजून जाऊन बघते. निवृत्त झाले तरी सवय जात नाही, सरपंच मला टाळतो.

नातीचं पान

थोरल्या मुलाची मुलगी शाळेसाठी आमच्याकडे असते, तेरा वर्षांची. जिना चढताना धाप लागायची, दुपारी अभ्यासाला बसली की डोळे मिटायचे. तिच्या आईचं म्हणणं, मोबाइलमुळे. मोबाइल होताच, पण मी हिमोग्लोबिन करून घेतलं तर ९.८. या वयाच्या मुलीचं १२ पाहिजे.

शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी देतात. दप्तर उपसलं तर तळाशी सात गोळ्या निघाल्या. मळमळतं, शौच काळं होतं आणि कोणीतरी मैत्रिणीला सांगितलंय की ही गोळी मूल न होण्यासाठी असते. मी ओरडले नाही. शौच काळं होणं हे गोळीतल्या लोहामुळे, त्यात काही बिघाड नाही, हे तिला चित्र काढून समजावलं. मळमळ होऊ नये म्हणून गोळी रात्री जेवणानंतर ठेवली. डॉक्टरांनी रोजच्या डोसाच्या गोळ्या दिल्या, त्या आधी आणि नंतर तासभर चहा, दूध नाही, कॅल्शियमची गोळी तर त्या वेळी मुळीच नाही. वर अर्धं लिंबू पिळलेलं पाणी किंवा आवळा. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळेत जंताची गोळी देतात, ती तिनं चावून खाल्ली की नाही हे घरी विचारायचं.

खाण्यात बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मेथी, लाल माठ, शेवग्याचा पाला, अळिवाचे लाडू, रविवारी मटण-कलेजी. गूळ-शेंगदाण्याची चिक्की चांगलीच, पण "गूळ खा, रक्त वाढेल" एवढ्यावर ९.८ चे १२ होत नाहीत. तीन महिन्यांनी तिचं ११.४ झालं. मग सगळ्यांनाच वाटलं, झालं, बंद करू. नाही. १२ च्या वर गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने गोळी चालू ठेवायची, साठा भरायला वेळ लागतो.

पाळीची तारीख ती स्वतःच वहीत लिहिते, कोपऱ्यात एक ठिपका काढून. आमच्या वेळी हे कोणी विचारलंही नसतं. सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल किंवा दोन तासांत पॅड भिजत असेल, तर तेही रक्त कमी होण्याचं कारण असतं, म्हणून तो ठिपका महत्त्वाचा. फोन रात्री दहाला माझ्या उशाशी येतो. त्यावरून रोज भांडण होतं, अजून तोडगा नाही.

मीठ आणि तेल

ही युक्ती माझी स्वतःची आहे आणि मला तिचा अभिमान आहे. मिठाचा पुडा फोडला की त्यावर पेनानं तारीख टाकायची. तेलाच्या डब्यावरही.

माणशी दिवसाला ५ ग्रॅम मीठ, याहून जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाळ सोडून आम्ही सहा खाणारे, म्हणजे दिवसाला ३० ग्रॅम. किलोचा पुडा महिन्याच्या वर तीन दिवस गेला पाहिजे. आमचा १९ दिवसांत संपला. आणि त्यात लोणचं, पापड, सांडगे, मुलाची शेव आणि शिळ्या भाकरीबरोबरचा खर्डा धरलेलाच नाही. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर धरलं तर पाच लिटरचा डबा पन्नास दिवस चालायला हवा. आमचा तीस दिवसांत खडखडीत.

काय केलं? भाकरीच्या पिठातलं आणि भातातलं मीठ बंद केलं. पहिले आठ दिवस जेवणावर शोककळा होती, नंतर कोणाला आठवलंही नाही. मिठाची वाटी ताटाशेजारून उचलली. फोडणी मी पळीनं घालत होते, आता चमच्यानं मोजते. पुडा सध्या २७ दिवस जातो. अजून पोचलो नाही.

ह्यांचं, मुलाचं, सुनेचं आणि माझं

ह्यांना मधुमेह आणि बीपी दोन्ही. दवाखान्यात बीपी नेहमी १६०, घरी १३०. कारण हे बसस्टँडवरून चालत येणार, टपरीवर चहा मारणार आणि मशीन बांधलेलं असताना डॉक्टरांशी ऊसदरावर बोलणार. बीपी मोजायची रीत आहे. आधी अर्धा तास चहा, तंबाखू नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, मांडी किंवा तिढा न घालता पाच मिनिटं गप्प बसायचं. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला, उघड्या दंडावर, सदऱ्याची बाही गुंडाळून नाही. मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं, दोन्ही आकडे लिहायचे. आवडलेला तेवढाच नाही. पहिल्या वेळी दोन्ही हातांचं घ्या, ज्या हाताचं जास्त भरेल तो पुढे कायमचा. डॉक्टरांकडे जायच्या आधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ असं करून नेलं की त्यांना गोळी ठरवता येते. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ च्या वर राहत असेल तर ते जास्तच समजायचं.

बीपी चांगलं आलं म्हणून गोळी बंद करू नका. गोळीमुळेच चांगलं आलंय.

साखर उतरल्याची खूण म्हणजे घाम, थरथर, चिडचिड, बोलणं अडखळणं. मोजता आली तर ७० च्या खाली असते, मोजायला वेळ नसेल तर मोजू नका. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, ठीक वाटलं की भाकरी-भाजी खायला घाला. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, घशात अडकतं. ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात आता ग्लुकोजची पुडी असते, आणि शेतावर जाताना डबा बरोबर. रात्री झोपताना तळपाय मी बघते, बोटांच्या बेचक्यांसकट. मुंग्या येणाऱ्या पायाला काटा रुतलेला कळत नाही, गरम पाण्याची पिशवी भाजलेली कळत नाही.

मुलगा ३६ वर्षांचा, कंपनीत. "मला काय झालंय?" टेप बेंबीभोवती लावली, ९८ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषाची ९० च्या आत हवी, बाईची ८०. त्याला मी काही बोलले नाही, आकडा मोठ्या अक्षरात लिहिला. आता कंपनीच्या गाडीतून दोन स्टॉप आधी उतरतो.

सूनबाईला बाळंतपणानंतर सहा महिने लोह आणि कॅल्शियम घ्यायचं असतं, हे कोणी तिला सांगितलंच नव्हतं. दोन्ही गोळ्या एकाच वेळी घ्यायच्या नाहीत. त्याहून मोठी गोष्ट, दुसऱ्या महिन्यात ती संध्याकाळ झाली की रडत बसायची. घरातल्या बायका म्हणाल्या, नाटकं. मीही दोन दिवस तेच म्हटलं, कबूल करते. बाळंतीण दोन आठवड्यांच्या पुढेही उदास राहत असेल, झोप लागत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. तिनं फोन केला तेव्हा मी बाळाला घेऊन अंगणात गेले, एवढंच माझं योगदान.

आणि माझं पान? तीन वर्षं कोरं होतं. वही माझी, पेन माझं, मशीन माझं. शेवटी नातीनंच ओढून उपकेंद्रावर नेलं, आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी, साखर, तोंड आणि बायकांची स्तन व गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी तिथं मोफत होते. पूर्वी मीच बायकांना हाताला धरून आणायचे. माझी उपाशीपोटीची साखर ११८ निघाली. १२६ ला मधुमेह म्हणतात, म्हणजे उंबरठ्यावर. पहाटेचा साखरेचा चहा सुटला, हे फार वाईट झालं.

आत्याबाई

८४. कान तीक्ष्ण, नजर कमी, तंबाखूची मिश्री चालू. म्हातारं माणूस पडतं ते मोरीत आणि रात्री. म्हणून आमच्या खर्चातला सगळ्यात शहाणा खर्च म्हणजे मोरीतली भिंतीला पक्की ठोकलेली दांडी, पलंगापासून मोरीपर्यंत रात्रभर जळणारा बारका दिवा आणि दारातलं घसरणारं पायपुसणं फेकून देणं. झोपेतून उठताना आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. बीपीच्या गोळीवर असलेल्यांना तर हे हवंच.

त्यांना तहान लागत नाही. म्हातारपणी तहान मंदावते. सकाळी तांब्या भरून ठेवते आणि दुपारी बघते किती उतरलाय. चहा-चपातीवर दिवस काढायची सवय मोडायला वर्ष गेलं. आता एक अंडं किंवा वाटीभर घट्ट वरण, ताक, मऊ थालीपीठ. दात नाहीत म्हणून भर नुसता भातावर पडला, तर मांडीचं मांस झडतं आणि मग पाय लटपटतात.

गुडघ्यासाठी बाजारच्या दिवशी एक माणूस पुड्या विकतो. आत्याबाईंना चार दिवसांत इतका आराम पडला की मलाच शंका आली. असल्या बिननावाच्या पुडीत स्टिरॉइड असू शकतं, तोंडाला सूज, साखर वर, हाडं ठिसूळ. बंद केली. महिनाभर घेतलेली असेल तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना पुडी दाखवून विचारा. दुखण्याची गोळीही रोज रोज नको, बीपीच्या गोळ्यांबरोबर ती मूत्रपिंडावर जाते.

एक लक्षात ठेवा. कालपर्यंत नीट बोलणारं म्हातारं माणूस आज अचानक भलतंच बोलायला लागलं, तर "वय झालं" म्हणून सोडू नका. ताप नसतानाही आत लघवीचा संसर्ग, छातीत कफ किंवा नवीन गोळीचा परिणाम असू शकतो. आणि तोंड वाकडं झालं, एक हात वर धरवत नाही, बोलणं जड झालं, तर लिंबू-पाणी, तेल चोळणं, देवाला गाऱ्हाणं घालणं काही नाही. किती वाजता सुरू झालं ते बघा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं.

मिश्रीचं मी हरले. दिवसातून चार वेळची एकदावर आली, तिथं गाडी अडली. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला बॅटरी लावून त्यांचं तोंड बघते, गालाच्या आत आणि जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला फोड दिसला तर दाखवायचं. त्या बदल्यात मी त्यांना माझं तोंड बघू देते. त्यांना दिसत काही नाही, पण "बरं हाय" म्हणतात.

शेवटचं पान

वहीच्या शेवटी, आतल्या बाजूला नव्हे, बाहेरच्या पुठ्ठ्यावर, नंबर. १०८ रुग्णवाहिका. १०२ गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी. १४४१६. आशाताई. रात्री खरंच फोन उचलणारा रिक्षावाला. साप-कुत्रं चावल्यावर इंजेक्शन असलेला जवळचा सरकारी दवाखाना, तो आधीच विचारून ठेवा, त्या रात्री शोधू नका. त्याखाली दोन ओळी: कुत्रं चावलं तर साबण आणि वाहतं पाणी पंधरा मिनिटं, हळद-चुना-मिरची नाही, आणि लस त्याच दिवशी. साप चावला तर दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, हात-पाय हलू द्यायचा नाही, उचलून गाडीत घालायचं.

रिक्षावाल्याचा नंबर पेन्सिलनं लिहा. आमच्या त्याने गेल्या वर्षात तीनदा बदललाय.